वार अडवताना : फायटिंग गेममधल्या बचावाचं ॲनिमेशन, फ्रेमगणिक

फायटिंग गेमसाठी पात्र हलवायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी ठोसा करतो, मग लाथ, मग एखादी झोकदार गिरकी. गार्ड, म्हणजे वार अडवण्याची पोझ, शेवटी उरतो आणि एका दुपारीत उरकला जातो. दोन हात चेहऱ्यासमोर, की झालं. मीही तेच केलं होतं. नंतर खेळून पाहिलं, तर माझ्या पात्राने वार अडवला की खाल्ला हे मलाच कळेना.

ठोशाला पूर्वतयारी असते. खांदा मागे जातो, कंबर वळते, मग हात सुटतो. बचावाला ती चैन नाही. खेळाडूने स्टिक मागे ओढली की हात त्याच क्षणी वर हवेत. त्यामुळे अंगाचं वजन, धक्का, पात्राचा स्वभाव हे सगळं वार ढालीवर आदळल्यानंतरच दाखवायला मिळतं. बचाव करताना बहुतेक मेहनत त्या नंतरच्या दहा-पंधरा फ्रेमवर करायची, हे धरूनच हा लेख लिहिला आहे.

उदाहरणाला मी माझंच पात्र घेतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतला फरी-गदका खेळणारी एक मुलगी : डाव्या हातात फरी, म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल, आणि उजव्या हातात गदका, म्हणजे तलवारीऐवजी वापरायची काठी. सॉफ्टवेअर ब्लेंडर. तुमचं पात्र रिकाम्या हाताचं असलं तरी पद्धत बदलत नाही.

आधी आकडे मागून घ्या

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.६७ मिलिसेकंद. सिनेमाच्या २४ फ्रेमची सवय असेल तर हा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागतो. इथले १२ फ्रेम म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. म्हणूनच बसून केलेला गार्ड वरून फोडणारे वार बहुतेक गेममध्ये वीसेक फ्रेम किंवा त्याहून हळू ठेवलेले असतात. समोरच्याला ते दिसून उठायला सवड हवी ना.

ॲनिमेटरसाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा ब्लॉकस्टनचा. वार अडवल्यावर बचाव करणारा जितके फ्रेम अडकून राहतो, तो हा आकडा. समजा, वार आदळल्यानंतर मारणाऱ्याला हात आवरून मोकळं व्हायला १६ फ्रेम लागतात आणि ब्लॉकस्टन १२ आहे. मग अडवणारा चार फ्रेम आधी सुटतो. खेळणारे याला ‘वार मायनस चार आहे’ म्हणतात, आणि त्या चार फ्रेममध्ये काय उलटून मारता येईल यावर तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या पात्राचं अंग बाराव्या फ्रेमलाही मागे झुकलेलं दिसलं, तर खेळाडूला वाटणार की आपण अजून अडकलोय. त्याचा हक्काचा उलटा वार हुकला की दोष ॲनिमेशनचाच.

हे आकडे बदलतात. गेम डिझायनर तुम्हाला सोमवारी १२ सांगेल आणि शुक्रवारी १५. यावर मला सापडलेला उपाय असा : ब्लॉकस्टनच्या क्लिपचे, म्हणजे त्या एका हालचालीच्या ॲनिमेशनचे, मनातल्या मनात दोन तुकडे करा, धक्का आणि सावरणं. पहिले तीन-चार फ्रेम धक्क्याचे, त्यांना कधीही हात लावायचा नाही. आकडा बदलला की फक्त सावरण्याचा भाग ताणायचा किंवा आखडायचा. सगळी क्लिप एकसारखी ताणली की धक्का मऊ होतो आणि ढाल लोखंडाऐवजी उशी वाटायला लागते.

गार्ड लावतात कसा, हे गेमला विचारा

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये मागे जायची दिशा दाबून ठेवली की गार्ड लागतो. १९९२ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मध्ये गार्डला वेगळं बटण आहे. ‘टेकन’ मध्ये काही न दाबता नुसतं उभं राहिलं तरी उभ्याने येणारे बरेच वार अडतात. वरवर हा कंट्रोलरचा प्रश्न वाटतो, पण पोझ ठरते ती याच्यावर.

मागे दाबून गार्ड लागत असेल तर पात्र त्या वेळी बहुधा मागे चालत असतं. पाय कुठल्याही अवस्थेत असताना गार्ड लागणार. एक पाय हवेत असेल, तरीही. म्हणून मागे चालण्याची क्लिप करतानाच हात गार्डच्या जवळपास ठेवा, पावलं छोटी ठेवा. वेगळं बटण असेल तर मोकळीक जास्त, गार्डची पोझ उठावदार करता येते. आणि नुसतं उभं राहून गार्ड लागत असेल तर मूळ पवित्राच असा हवा, की त्यातून ढाल एका फ्रेममध्ये समोर येईल.

पवित्रा हा आपला शब्द इथे मोठा उपयोगी आहे. लाठी किंवा फरी-गदका शिकवणारे वार शिकवण्याआधी पवित्रे शिकवतात, कारण पाय चुकले की ढाल योग्य जागी असूनही माणूस ढकलला जातो. पात्राचंही तेच. मी हात आधी लावले आणि पाय नंतर, तेव्हा प्रत्येक वेळी सगळं पुन्हा करावं लागलं.

पोझ : सावलीवरून ओळखू आली पाहिजे

पोझ तयार झाली की पात्राला सपाट काळा रंग द्या, झूम कमी करून पडद्यावर अंगठ्याएवढं करा आणि पाहा. उभा गार्ड, बसून गार्ड आणि मार खाल्ल्याची पोझ, या तीन सावल्या शेजारी ठेवा. क्षणभर जरी घोटाळा झाला तरी पोझ बदला.

अडवणं आणि मार खाणं यातला फरक माझ्या मते डोक्यात आहे. मार बसला की हनुवटी उडते, मान मागे जाते, नजर सुटते. अडवताना अंग कितीही हादरलं तरी नजर समोरच्यावर खिळलेली राहते. माझ्या पहिल्या गार्डमध्ये जोर दाखवण्याच्या नादात मी डोकं मागे फेकलं होतं, आणि घोळ नेमका तिथेच होता. आता मी डोक्याचा बोन, म्हणजे पात्र हलवणाऱ्या सांगाड्यातलं डोक्याचं हाड, जवळजवळ स्थिर ठेवतो आणि त्याखालची छाती हलवतो.

संदर्भासाठी कुणाला तरी उभं करून चित्रण करा. मोबाइलवर ६० फ्रेमचा पर्याय असतो, तो निवडा. बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशनसाठी १२० किंवा २४० चा पर्यायही असतो, धक्क्याचे फ्रेम पाहायला तो उत्तम. कॅमेरा गेममध्ये असेल तसा बाजूने, कमरेच्या उंचीवर. मात्र चित्रण जसंच्या तसं उतरवू नका. मुरलेला खेळाडू फरी वीतभरच हलवतो, त्याचं कसबच त्यात आहे. पडद्यावर ती वीत दिसत नाही. तेवढ्याच कामासाठी पात्राला खांदा, बरगड्या, कंबर सगळं कामाला लावावं लागतं.

आता ढालीची अडचण. समोरासमोरच्या गेममध्ये दोन्ही पात्रं उड्या मारून बाजू बदलतात. जुन्या द्विमितीय गेममध्ये चित्र सरळ उलटवलं जायचं, म्हणून ‘स्ट्रीट फायटर’ मधल्या सगाटची डोळ्यावरची पट्टी बाजूप्रमाणे डोळा बदलते. ‘स्ट्रीट फायटर ३’ मध्ये अर्धा लाल, अर्धा निळा असलेल्या गिलसाठी दोन्ही बाजूंची चित्रं वेगळी काढली होती, पण तो अपवाद. तुम्ही उलटवलंत तर फरी डावीकडून उजव्या हातात जाईल, आणि मर्दानी खेळ पाहिलेला माणूस हसेल. नाही उलटवलंत तर एका बाजूला फरी कॅमेऱ्याकडे येईल आणि दुसऱ्या बाजूला अंगामागे लपेल, म्हणजे बचावाची पोझच दिसेनाशी होईल. मी उलटवायचं ठरवलं. खेळाडूला वार अडला हे दिसणं मला हाताच्या शुद्धतेपेक्षा मोलाचं वाटतं. कुणी वेगळं ठरवलं तर भांडणार नाही, पण मग दोन्ही बाजूंसाठी दोन गार्ड करायची तयारी ठेवा.

ब्लेंडरची मांडामांड

ब्लेंडर मुळात २४ फ्रेमवर असतं. आउटपुटच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ६० करा, आणि हे पहिली कीफ्रेम, म्हणजे आपण हाताने ठरवलेली पोझ, लावायच्या आधी करा. प्रेफरन्सेसमध्ये ॲनिमेशनखाली नव्या कीफ्रेमचं इंटरपोलेशन, म्हणजे दोन पोझमधली जागा भरायची रीत, बेझियर (सलग, वळणदार) असतं, ते सुरुवातीला कॉन्स्टंट करा. म्हणजे एका पोझवरून दुसरीवर पात्र थेट उडी मारेल, मधलं काही ब्लेंडर स्वतः भरणार नाही. हे ओबडधोबड दिसतं, पण पोझ आणि त्यांच्या वेळा बरोबर आहेत का हे त्यातच कळतं. आर्क सिस्टिम वर्क्सने २०१४ च्या ‘गिल्टी गिअर झर्ड’ मध्ये त्रिमितीय मॉडेलं वापरूनही मधले फ्रेम संगणकाला भरू दिले नव्हते. ते मॉडेल हाताने काढलेल्या चित्रासारखं दिसतं, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

प्रत्येक हालचालीसाठी वेगळी ॲक्शन (ब्लेंडरमध्ये क्लिपला हेच नाव आहे) करा आणि नावं आधीच ठरवून घ्या. ॲक्शनच्या नावाशेजारी छोट्या ढालीचं चिन्ह असतं, ते चालू आहे ना हे बघा. नाहीतर कुठेच न वापरलेली ॲक्शन फाइल बंद करून उघडल्यावर गायब झालेली असते. बचावाचं काम करताना ढालच विसरलो, असं माझं एकदा झालंय. मूळ बोनला, म्हणजे रूटला, गार्डच्या कुठल्याही क्लिपमध्ये पुढे-मागे हलवू नका. वार अडवल्यावर पात्र मागे घसरतं, पण ते घसरवणं कोडचं काम आहे. क्लिपमध्येही घसरलं तर अंतर दुप्पट होतं आणि डिझायनरचा हिशेब कोलमडतो.

गार्ड लावणं आणि धरणं

हा भाग छोटा आहे. पहिल्याच फ्रेमला ढाल जागेवर आली पाहिजे. मी पहिल्या फ्रेमला फरी हवी त्याहून थोडी पुढे आणि वर नेतो, दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमला मागे घेतो आणि चौथ्याला स्थिरावतो. पुढे जाऊन परत येण्याने हात वेगात आल्याचा भास होतो, प्रवास दाखवावा लागत नाही. वेणी, शेला, कमरेचा गोंडा यांना चार-सहा फ्रेम मागून येऊ द्या. गार्ड धरून ठेवल्याची क्लिप श्वासापुरती हलू दे, बस. छाती मूळ पवित्र्यापेक्षा कमी हलली पाहिजे, कारण तणावात माणूस श्वास रोखतो.

ब्लॉकस्टन, फ्रेम मोजून

ज्याचा ब्लॉकस्टन १६ फ्रेमचा आहे असा मध्यम वार धरू. वार आदळला की दोन्ही पात्रं काही फ्रेम गोठतात. हा हिटस्टॉप, आणि तो इंजिनमधून, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येतो, क्लिपमध्ये नसतो. याचा अर्थ असा, की तुमच्या क्लिपचा पहिला फ्रेम हिटस्टॉपच्या आठ-दहा फ्रेमभर पडद्यावर थांबून राहणार आहे. सगळ्या बचावात खेळाडू सगळ्यात जास्त वेळ पाहतो ती हीच पोझ. तिच्यावर निम्मा वेळ घालवा.

त्या फ्रेममध्ये फरी आणि शस्त्र प्रत्यक्ष भिडलेली दिसू देत. कोपर दबलेलं, ढालीमागचा खांदा कानाजवळ चढलेला, कंबर किंचित मागे, मागच्या पायाचा गुडघा वाकलेला. ब्लॉकस्टनची सुरुवात गार्डच्या पोझपासून करू नका. ती थेट दबलेल्या पोझपासून झाली पाहिजे, नाहीतर गोठलेल्या क्षणी पात्राला काही झालंच नाही असं दिसतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेमला धक्का अंगात उतरतो. क्रम असा : आधी मनगट, मग कोपर, मग खांदा आणि बरगड्या, मग कंबर. सगळे भाग एकाच फ्रेमला सगळ्यात मागे गेले तर पात्र पुठ्ठ्याचं वाटतं. कंबर मागे पोचेपर्यंत हात परत यायला लागलेला असावा. चौथ्या फ्रेमला सगळ्यात खोल पोझ. पुढच्या पायाची टाच किंचित उचलून चवडा जमिनीवर ठेवा, म्हणजे कोड पात्राला मागे सरकवेल तेव्हा पाय बर्फावरून नाही, मातीवरून घासत गेल्यासारखा दिसेल. तिथे धुळीचा एखादा फुफाटा टाकला की काम चोख.

पाच ते दहा सावरणं. इथे आता बेझियर चालेल, सुरुवात हळू आणि मग वेग. अकराव्यापर्यंत ढाल आणि डोकं गार्डच्या जागी पोचलेलं हवं. उरलेले फ्रेम केस-कपड्यांचे. सोळावा फ्रेम गार्ड धरलेल्या पोझशी तंतोतंत जुळवा. पोझ कॉपी करून तिथे पेस्ट करा, नजरेने जुळवत बसू नका.

हलक्या वाराला खांद्यापर्यंतच धक्का पुरतो, कंबरेला हात लावू नका. जबर वारात दोन्ही पाय घासतात आणि गदक्याचा हात फरीला मागून आधार द्यायला येतो. हलका, मध्यम, जबर हे फरक नुसते कमी-जास्त न ठेवता वेगळ्या पोझचे ठेवले, की खेळाडू आवाज बंद असतानाही ओळखतो.

सलग वारांची एक खोच आहे. समोरचा पाच वार लागोपाठ मारतो, तुमची क्लिप पाचदा पहिल्या फ्रेमवर उडी घेते, आणि पात्र अडकलेल्या सीडीसारखं थरथरतं. यासाठी मध्यम धक्क्याच्या दोन क्लिप करा, एकीत फरी जरा वर आणि छाती एकीकडे वळलेली, दुसरीत फरी खाली आणि छाती दुसरीकडे. कोडला आलटून पालटून लावायला सांगा. दोन पोझमधला फरक सावलीत दिसला पाहिजे, एवढीच अट.

बसून गार्डला हेच सगळं, पण कंबर आधीच खाली असल्याने धक्का मागे कमी आणि खाली जास्त जातो. मागचा गुडघा जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर पात्र शरण आल्यासारखं दिसतं. उजव्या-डाव्या बोनांची नावं ब्लेंडरच्या रीतीने ठेवली असतील तर कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पोझ उलटी पेस्ट होते. दुसरी क्लिप सुरू करायला ती आयती मिळते, फक्त ढाल हातात परत बसवावी लागते.

वार परतवणं

पॅरी, म्हणजे येणारा वार ऐन वेळी परतवणं, ही बचावातली सगळ्यात देखणी गोष्ट, आणि ती करताना वरचे बरेच नियम उलटे होतात. १९९९ च्या ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ मध्ये वार येताना मागे नाही, पुढे दाबायचं. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राची सुपर लाथांची सरबत्ती एकेक करून अशीच परतवली, तेव्हा दाइगोच्या केन या पात्राकडे नावाला आयुष्य उरलं होतं. ते चित्रण आवाज बंद करून पाहा. केनचं अंग मागे जात नाही. शेवटची लाथ तो उडी मारून हवेत परतवतो, पण त्याआधीच्या प्रत्येक लाथेला तो जागेवर ठाम.

तेच करायचं. पॅरीत धक्का पात्राच्या अंगात उतरत नाही, तो शस्त्रावरून सटकतो. फरी समोर न धरता तिरपी करा, मनगटाच्या झटक्याने वार बाहेर जाऊ द्या, आणि छाती अर्धा वीत पुढे आणा. पाय हलत नाहीत. सगळी हालचाल चार-पाच फ्रेमची, मग पोझ थांबवून ठेवा. पात्र जितकं शांत, तितकी पॅरी भारी वाटते. तोल जातो तो समोरच्याचा, म्हणून मारणाऱ्याच्या बाजूलाही एक छोटी क्लिप लागेल. ती मागायला विसरू नका. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये परफेक्ट पॅरीसाठी अवघे दोन फ्रेम मिळतात. इतक्या बारीक वेळेत जमलेल्या गोष्टीचं बक्षीस ॲनिमेशनने द्यायला हवं.

झुकांडी

मागे उडी किंवा बाजूला झुकांडी, म्हणजे वार अडवायचा नाही, चुकवायचा. इथे ॲनिमेटरचा खरा जोडीदार हर्टबॉक्स : ज्या चौकटीला वार लागला तर मार बसतो, ती. बॅकडॅशच्या, म्हणजे या मागच्या उडीच्या, सुरुवातीचे काही फ्रेम डिझायनर बहुधा अभेद्य ठेवतो. ते नेमके कुठले हे विचारा, आणि अंग त्याच फ्रेममध्ये जागा सोडताना दिसू दे. उडीच्या आधी गुडघे वाकवायला तीन फ्रेम घेतलेत तर पात्र त्याच जागी उभं असतानाच वार त्याच्या आरपार जाईल, आणि बघणारा म्हणेल गेम बिघडलाय. म्हणून पहिल्या फ्रेमला छाती मागे, पाय मागून येऊ दे. वाकणं उतरतानाचं ठेवा. जमिनीवर टेकल्यावरचे फ्रेम असुरक्षित असतात, तिथे पात्र जड आणि उघडं दिसू दे.

गार्ड फुटल्याची क्लिप मात्र उदार हाताने करा. हात पसरलेले, फरी बाहेर फेकली गेलेली, छाती मोकळी, आणि इथे पहिल्यांदाच नजर सुटलेली. आत्तापर्यंत डोकं स्थिर ठेवण्याचा जो संयम पाळला, तो इथे वसूल होतो.

इंजिनमध्ये नेल्यावर

गोडो या गेम इंजिनमध्ये फिजिक्सचा ठोका मुळातच सेकंदाला ६० असतो, ते सोयीचं आहे. कुठलंही इंजिन वापरा, गार्ड आणि ब्लॉकस्टनमध्ये जाताना ब्लेंडची वेळ शून्य ठेवा. बऱ्याच इंजिनांत क्लिप बदलताना दोन्ही पोझ एकमेकींत मिसळायची सोय असते, आणि ती चालू राहिली तर तुमची दबलेली पोझ धुऊन निघते. बाहेर पडताना तीन-चार फ्रेमचं ब्लेंड चालेल.

मग समोर एक बुजगावणं उभं करा, जे ठरावीक अंतराने हलका, मध्यम, जबर वार मारत राहील. वेग पाव करून पाहा. नंतर पूर्ण वेगाने पाहा, कारण पाव वेगात सगळंच छान दिसतं. वार अडल्यावर लगेच उलटा ठोसा मारून बघा. हात ढालीवरून ठोशाकडे जाताना झटका बसला तर सोळावा फ्रेम नीट जुळलेला नाही. भिंतीला टेकून अडवून पाहा. तिथे मागे घसरायला जागा नसते, म्हणून बहुतेक गेममध्ये मारणाराच मागे ढकलला जातो, आणि जागेवरच्या पात्राचा घासणारा पाय विचित्र दिसतो. भिंतीजवळ फक्त धूळ बंद केली तरी बरंच निभावतं.

शेवटी घरातल्या अशा माणसाला बोलवा, ज्याने फायटिंग गेम कधी खेळलेला नाही. आवाज बंद. दहा वार दाखवा, काही अडलेले, काही लागलेले, आणि प्रत्येकाला ‘अडला की लागला?’ एवढंच विचारा. माझ्या आईने पहिल्यांदा दहातले सहा बरोबर सांगितले. मी डोकं स्थिर केलं, पहिल्या फ्रेमची पोझ दाबली, तेव्हा नऊ झाले. चुकलेला दहावा बसून केलेला गार्ड होता. ती म्हणाली, ही मुलगी दमून बसलीये का? मागचा गुडघा दोन बोटं वर घेतला.